हिलारिओचं सगळं ठीक असतं

आमच्या टोळीत एक माणूस असा आहे की त्याला कसं चाललंय हे विचारणं म्हणजे तोंडाची वाफ दवडणं. उत्तर ठरलेलं असतं: ठीक, देवाची कृपा. पाठीत लचक भरलेली असो, गाडी बंद पडलेली असो, घरात सगळी तापाने फणफणलेली असोत, ठीक. हिलारिओ कुइरिस त्याचं नाव. सीमेपलीकडच्या मिचोआकानच्या डोंगरातला माणूस, आणि गेली बावीस वर्षं आमच्या लिंडसेच्या संत्र्यांच्या बागांत शिडीवर. मी टोळीची कार्डं सांभाळते. पेटारा भरला की तोडणाऱ्याच्या कार्डाला भोक पाडायचं आणि फळं नीट कापलीत की नाही ते वाकून बघायचं, हे माझं काम. हिलारिओच्या पेटाऱ्यात मी कित्येक वर्षांत वाकलेली नाही. त्याचा देठ इतका बेताने कापलेला असतो की शेजारच्या फळाला ओरखडा जात नाही. बाकीच्यांच्या पेटाऱ्यांबद्दल बोलत नाही, त्यांना राग येतो.

त्याची मोठी मुलगी एरेंदिरा. तिच्या बाप्तिस्म्याला मी तिला हातावर धरलं, तेव्हापासून मी तिची माद्रीना, म्हणजे धर्माची आई, आणि हिलारिओ नि मी एकमेकांचे कोंपाद्रे-कोमाद्रे. त्याआधी आम्ही अरे-तुरे करायचो, एकमेकांच्या डब्यातलं ओढून खायचो. चर्चमधून बाहेर पडलो ते अहो-जाहो करतच. आमच्यात तसंच असतं. थट्टा काही थांबली नाही, फक्त आता ती आदराने करावी लागते.

कुणी ताट पुढे केलं की पोटात कावळे ओरडत असले तरी ‘आत्ताच जेवून आलो’ म्हणायचं, हे हिलारिओने तिन्ही मुलांना चालायच्या आधी शिकवलं असावं. एरेंदिरा पाच वर्षांची असताना माझ्या स्वयंपाकघरात मक्याच्या पिठाच्या कोरुंदांच्या टोपासमोर उभी होती. मक्याच्या पानांतून वाफ येत होती आणि पोरीची नजर त्या वाफेवरून हलत नव्हती. आणि म्हणते काय, मी जेवून आलेय माद्रीना. सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. मी तिला दंडाला धरून बसवली आणि चार खायला घातल्या. घरी गेल्यावर तिने बापाला सांगितलं, मी दोनदा नको म्हणाले होते.

त्याच्या पुढच्या वर्षी बागा गोठल्या. झाडावरची फळं आतून बर्फ झाली आणि उन्हाळ्यापर्यंत कुणाला काम नव्हतं. चर्चमध्ये राजमा-तांदळाची खोकी वाटत होते. सगळे रांगेत होते, मीही होते, हिलारिओ तेवढा नव्हता. तिथे गरजू लोक जातात, असं तो मला म्हणाला. मी दोन खोकी उचलली आणि एक त्याच्या दाराशी ठेवून पळाले. दुसऱ्या दिवशी खोकं माझ्या पायरीवर परत. त्याची बायको आम्पारो नंतर कानात सांगून गेली की परत पाठवण्याआधी तिने तेलाची बाटली आणि अर्धा राजमा काढून घेतला होता. संसार तिच्यामुळे चालला, हे मी कुठेही सांगायला तयार आहे.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, काय मानी माणूस. मलाही तसंच वाटायचं. आता त्याच्या पडण्याबद्दल सांगते.

ओलं संत्रं तोडायचं नसतं. सालीवर बोटांचे डाग उठतात आणि खोक्यात जाऊन ते सडतं. म्हणून हिवाळ्यात दव सुकेपर्यंत, कधी नऊ, कधी अकरा वाजेपर्यंत, टोळी झाडांखाली शेकोटीभोवती बसून राहते. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात एका सकाळी आमच्या मुकादमाला, रिगोला, ट्रक भरून पाठवायची घाई होती. झाडं ठिबकत होती तरी त्याने आठ वाजता सगळ्यांना शिडीवर चढवलं. भरल्या थैलीसकट हिलारिओ वरच्या पायरीवरून घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. रिगो पांढराफटक पडला. कानाशी वाकून म्हणाला की घरी पडलो असं सांगा, तुमची जागा मी राखून ठेवतो. आणि हिलारिओ, दातांवर दात दाबून, म्हणाला: ठीक.

त्याला गाडीत घालून घरी आणलं तेव्हा तिथे कुणी नव्हतं. त्याने आम्पारोला सांगितलं की कामावरून मधेच घरी आलो, छपरावरच्या कूलरला ताडपत्री घालायला चढलो आणि पडलो. हॉस्पिटलात तेच सांगितलं. कामावर पडलो असं सांगितलं असतं तर कामाच्या विम्यातून औषधपाणी नि अर्धामुर्धा पगार मिळाला असता. छपरावरून पडणाऱ्याला तसलं काही मिळत नाही. अकरा जणांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं आणि अकराही जण गप्प बसलो. त्याची गोष्ट आहे, त्याला सांगायची नाही तर आपण कोण, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मला माझी जागाही राखायची होती.

पाच महिने तो घरात. आम्पारो संत्री निवडायच्या शेडमध्ये दोन-दोन पाळ्या करायची. एरेंदिरा पंधरा वर्षांची. सकाळी बापाला उठवायचं, दोघा भावांना खाऊ घालून शाळेत सोडायचं, बापाला डॉक्टरकडे न्यायचं, डॉक्टरचं इंग्रजी बापाला आणि बापाचं ‘ठीक’ डॉक्टरला सांगायचं. शाळेचे पहिले दोन तास रोज बुडायचे. बाई विचारायच्या, उशीर का? ती म्हणायची, झोप लागली. बीजगणित नि रसायन, दोन्हीत नापास झाली. पुढच्या वर्षी दोन्ही विषय पुन्हा घेऊन चांगले सोडवले, पण आधीचा डाग काही गुणपत्रिकेवरून गेला नाही.

त्याच काळात ती रोज बघत होती की व्यायाम शिकवणारी एक बाई तिच्या बापाला कुबड्यांवरून काठीवर आणि काठीवरून पायांवर कशी आणते. पोरीच्या मनाने घेतलं की आपण हे शिकायचं. मोडलेल्या माणसांना पुन्हा चालतं करायचं. ते सांगताना तिचा चेहरा बघायला हवा होता.

शाळेतल्या सल्लागार बाईंनी, मिस बर्नाल यांनी, तिला समोर बसवून स्पष्ट सांगितलं की साध्या रांगेतून तुझा अर्ज परत येईल. पण राज्याच्या कॉलेजांत शिक्षण-संधीची एक योजना आहे. ज्यांच्या घरात कुणी कॉलेज पाहिलेलं नाही, हाताशी पैसा नाही, आणि ज्यांचे गुण परिस्थितीने घसरलेत, अशांना ती आत घेते आणि आत गेल्यावर बोट धरून चालवते. मात्र परिस्थिती काय होती ते सविस्तर लिहावं लागतं, आणि ओळखणाऱ्या दोघांची पत्रं लागतात. एक पत्र बाई देणार होत्या. दुसऱ्यासाठी एरेंदिरा माझ्याकडे आली.

मी म्हटलं, आधी तू काय लिहिलंयस ते दाखव. वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. पोरीने लिहिलं होतं: आमच्या घरी कशाची कमी नाही. माझे वडील नेहमी कामावर असतात. दहावीत मी आळस केला, त्याची मला लाज वाटते.

“हे कुणाला पाठवतेयस?” मी म्हटलं. “त्यांनी विचारलंय की तुमच्यावर काय गुदरलं, आणि तू सांगतेयस की मी जेवून आलेय.”

ती हसली नाही. म्हणाली, अपांबद्दल परक्या माणसांना कसं लिहू?

मी म्हटलं, अपांना इंग्रजी वाचता येत नाही. स्पॅनिशसुद्धा वाचता येत नाही. त्यांची सही लागत नाही. लिही आणि पाठवून दे. मिस बर्नालही तेच म्हणाल्या होत्या.

“म्हणूनच नाही पाठवणार,” ती म्हणाली. “वाचता येणाऱ्याच्या पाठीमागे लिहिलं तर तो कधीतरी वाचून भांडेल तरी. त्यांना तेवढंही करता येणार नाही.”

सतरा वर्षांची पोर. मी तिच्या तिप्पट वयाची, आणि मला हे सुचलं नव्हतं. मला तिचं इतकं कौतुक वाटलं की रागच येईना. तिने ठरवून टाकलं होतं: खरं खरं सगळं लिहीन, अपा ते ऐकतील, हो म्हणाले तर अर्ज योजनेतून जाईल. नाही म्हणाले तर जून उजाडल्यावर शेडमध्ये आईच्या शेजारी पट्ट्यावर उभी राहीन. तिथे तिच्यासाठी शब्द टाकूनही ठेवला होता.

चार पानं लिहून झाली. मुदत सोमवारपर्यंत. शनिवारी सकाळी ती बापाबरोबर बागेत आली. धुकं असं दाट की पुढच्या ओळीतली झाडं दिसत नव्हती, आणि पानापानातून पाणी ठिबकत होतं. अर्ध्या पिंपात छाटणीचं लाकूड पेटवून टोळी भोवती बसली होती, तव्यावर टाको गरम होत होते. रिगो वीस पावलांवर त्याच्या गाडीत, काच खाली, कॉफी पीत. एरेंदिराने पानं माझ्या हातात दिली. तिने बापाला घरून निघतानाच सांगितलं होतं की अर्जात तुमच्याबद्दल लिहिलंय आणि तुम्ही ऐकल्याशिवाय तो जाणार नाही. स्वतः वाचायला गेले तर आवाज फुटणार नाही, म्हणून माद्रीना वाचतील.

मी म्हटलं, आपण बाजूला जाऊ. हिलारिओ म्हणाला, वाचा कोमाद्रे, इथे परकं कोण आहे?

मी इंग्रजीवरून नजर फिरवत स्पॅनिशमधून सांगत गेले. गाव सोडून येणं, बागा गोठल्या ते वर्ष, परत पाठवलेलं खोकं. तिथे दोघंतिघं हसले, हिलारिओही थोडा हसला. मग आलं, माझे वडील घराच्या छपरावरून पडले. ते मी घडाघडा वाचून गेले, कुठेही अडखळले नाही. शेकोटीभोवती सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग आईच्या दोन पाळ्या, बुडलेले तास, नापास. आणि तिसऱ्या पानावर एक परिच्छेद आला. तो मी मनातल्या मनात वाचला आणि गाळला. सरळ चौथ्या पानावर गेले, ती काय शिकणार आहे ते सांगितलं आणि कागदांची घडी घातली.

हिलारिओ विस्तवाकडे बघत होता. म्हणाला, “तिसऱ्या पानावर तुमचे डोळे खाली जात राहिले आणि तोंड बंद होतं.”

“काही विशेष नव्हतं, कोंपाद्रे.”

“मला वाचता येत नाही. दिसतं.”

एरेंदिरा म्हणाली, वाचा माद्रीना. मग मी वाचलं. तिने लिहिलं होतं की एक दिवस ती शाळेतून लवकर घरी आली, तर वडील न्हाणीघराच्या फरशीवर बसले होते. एक बूट हातात होता. तो पायात घालता येत नव्हता म्हणून ते रडत होते. ती दिसली तशी म्हणाले, डोळ्यांत साबण गेला. ती म्हणाली, बरं. आणि बूट घालून दिला. शेवटी लिहिलं होतं: आमच्या घरात आम्ही एकमेकांना असंच सांभाळतो.

तव्यावरचा टाको करपला तरी कुणी उलटला नाही. मला वाटलं, झालं, आता हा उठून जाईल आणि पोरीचं कॉलेज धुक्यात गेलं.

“साबण नव्हता,” हिलारिओ म्हणाला.

“माहीत आहे, अपा.”

त्याने मान हलवली. तो आपले तळवे शेकायला लागला. मग मला म्हणाला, ते छपराचं पुन्हा वाचा. मी वाचलं, या वेळी अडखळत. तो मुलीकडे वळला.

“ते खोटं आहे, मिहा, माझ्या पोरी. तू खोटं लिहिलं नाहीस, मी तुला खोटं सांगितलं. मी छपरावर चढलोच नव्हतो. इथे पडलो, शिडीवरून. झाडं ओली होती, आठ वाजले होते.”

एरेंदिराला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

“दोन वर्षं मी त्या छपरावर चढतेय, अपा. ताडपत्री मी घालते, मी काढते. गंजलेला पत्रा मी बदलला. तुम्ही परत पडू नये म्हणून.”

हे त्याला माहीत होतं. दर हिवाळ्यात तो खाली उभा राहून तिची शिडी धरत होता. त्याने हात तोंडावर ठेवला. मग तिने माझ्याकडे बघितलं. तुम्हालाही माहीत होतं? मी हो म्हटलं. आयुष्यात मला पुष्कळदा लाज वाटली आहे, पण त्या सकाळसारखी कधी नाही. त्या दिवसाचं कार्ड माझ्याच हातात होतं. कामाची वेळ मीच लिहिली होती, आठ.

गाडीचं दार वाजलं. रिगो सगळं ऐकत होता. वाईट माणूस नाही तो, भित्रा आहे, त्याच्याही वर कुणीतरी ओरडणारा आहे. जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, कोंपा, जुनी गोष्ट, मी शब्द पाळला ना, तुमची जागा ठेवली ना. कागदावर कशाला नावं आणता?

आम्ही सगळे हिलारिओकडे बघत होतो. बावीस वर्षं ऐकलेलं ते ‘ठीक’ आता येणार, असंच मला वाटलं. तो उठला. ओल्या थंडीत त्याचा तो पाय आखडतो, म्हणून झाडाला धरून उठला.

“तुम्ही जागा ठेवलीत, रिगो, ते मी विसरलेलो नाही. पण जागा माझी होती. तास हिचे बुडले.” मग म्हणाला, “तुमचं नाव घालणार नाही. माझं घालणार.”

रिगोने टोपी काढली, पुन्हा घातली. आमच्यातला एकही जण त्याच्याकडे बघेना. तो गाडीकडे परत गेला. त्याने हिलारिओला काढून टाकलं असतं तर त्याच्याबरोबर आम्ही किती जण निघालो असतो, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्या क्षणी तरी सगळे निघाले असते.

एरेंदिराने माझ्या ट्रकच्या बोनेटवर कागद पसरला. बाहीने दव पुसलं, छपराची ओळ खोडली आणि वर लिहायला लागली. हिलारिओ तिच्या खांद्यामागे उभा राहून सांगत होता. किती वाजले होते, थैली किती भरलेली, कुठल्या पायरीवरून पाय सुटला. दोन वर्षं गिळून बसलेला माणूस, एक तपशील चुकवत नव्हता. ओल्या झाडावर चढायचं नसतं हे मला माहीत होतं, तरी चढलो, तेही लिही म्हणाला. मग म्हणाला, ‘माझे वडील’ काय, वडील सगळ्यांनाच असतात. नाव लिही. पूर्ण. हिलारिओ कुइरिस आल्कांतार.

तिने पेन उचललं. “अपा, हे परकी माणसं वाचतील.”

“वाचावं म्हणूनच लिहितेयस ना?”

मी पिशवीतून माझं पत्र काढलं. मुलगी गुणी आहे, कष्टाळू आहे, असं एक पानभर गोड गोड लिहून ठेवलं होतं. त्याखाली मी लिहिलं की तिच्या बापाला शिडीवरून पडताना मी पाहिलं, त्या दिवशी कामाला सुरुवात सकाळी आठ वाजता झाली, आणि दोन वर्षं मी गप्प बसले. खाली सही केली. मग टोळीतला एकेक जण येऊन पेन मागायला लागला. अर्जात साक्षीदारांना जागा नव्हती, तरी माझ्या पत्राच्या समासात आठ जणांनी आपापली नावं लिहिली. दोघांनी नुसता अंगठा उठवला, तव्याच्या काजळीचा.

साडेदहाला धुकं उठलं. रिगोने एक फळ हातात घेऊन सालीवरून अंगठा फिरवला, मग दुसरं, मग तिसरं. इतकी खात्री करून घेताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. चला, म्हणाला. हिलारिओने थैली खांद्याला अडकवली. एरेंदिरा कागदांची घडी छातीशी धरून उभी होती.

“मग पाठवू ना, अपा?”

“नाही पाठवलंस,” तो शिडी उचलता उचलता म्हणाला, “तर मी स्वतः घेऊन जाईन. रस्ता विचारत विचारत जाईन, पण देऊन येईन.”